घाबरू नका, ममी घरचीच आहे!

हॉलिवूडने ममीचं भूत केलं. कैरोच्या विनोदी सिनेमाने तिला घरात घेतलं, तिच्याशी भांडण केलं आणि तिच्या प्रेमातही पडून दाखवलं. जुन्या इजिप्शियन कॉमेडीत फॅरोंच्या काळाचं काय झालं, त्याची ही गोष्ट.

‘ममी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १९९९चा ‘द ममी’ येईल. ब्रेंडन फ्रेझर, वाळूतून उठणारा इमहोतेप आणि माणसाच्या कातडीखाली घुसणारे ते किडे. जुने सिनेमे शोधून बघणाऱ्यांना १९३२चा बोरिस कार्लॉफ आठवेल. मधल्या सदुसष्ट वर्षांत तंत्र कुठच्या कुठे गेलं, पण साचा तोच राहिला. गोरा संशोधक थडगं उघडतो, शाप बाहेर पडतो आणि किंकाळ्या सुरू होतात.

या साच्यात इजिप्तमधल्या आजच्या माणसाला काय काम असतं, हे कधी नीट पाहिलंय? तो उंटाची दोरी धरून उभा असतो. ‘आत जाऊ नका साहेब’ असं सांगतो. आणि साहेब आत गेले की बऱ्याचदा पहिला बळी त्याचाच जातो. त्याच्या पणजोबांच्या पणजोबांचं थडगं, पण सिनेमात त्याला दोन डायलॉग.

आता हे उलटं करून बघा. ममी ज्यांच्या गावची, त्यांनीच सिनेमा काढला तर? आणि तोही विनोदी?

पिरॅमिडच्या रस्त्यावरचा स्टुडिओ

असे सिनेमे निघाले. त्यासाठी आधी एक गोष्ट माहीत हवी. विसाव्या शतकाच्या मध्यावर अरबी सिनेमा म्हणजे मुख्यतः कैरोचा सिनेमा. तलत हर्ब या बँकरच्या पुढाकारातून १९३५ साली ‘स्टुडिओ मिस्र’ उभा राहिला. मिस्र म्हणजे इजिप्त. स्टुडिओ होता गीझा भागात, पिरॅमिडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरात. म्हणजे नटनट्या कामावर निघाल्या की वाट पिरॅमिडच्या दिशेची. चाळीस ते साठच्या दशकांत तिथून आणि इतर स्टुडिओंतून इतके सिनेमे बाहेर पडले, की बगदादपासून कासाब्लांकापर्यंत लोकांना कैरोची बोली समजायला लागली. हिंदीच्या बाबतीत मुंबईच्या सिनेमाने जे केलं, तसंच काहीसं.

या सिनेमातला मोठा वाटा विनोदाचा. इजिप्शियन माणूस स्वतःला ‘इब्न नुक्ता’ म्हणवतो, म्हणजे ‘विनोदाचा पोर’. मजेशीर माणसाबद्दल तिथे म्हणतात, ‘याचं रक्त हलकं आहे’. कंटाळवाण्या माणसाचं रक्त जड! ज्या समाजात विनोद रक्तापर्यंत पोचलाय, तो समाज आपल्या पाच हजार वर्षांच्या पूर्वजांना तरी कसा सोडेल?

पण सोपं नव्हतं ते. कारण इजिप्तमध्ये फॅरो हा शब्द एकाच वेळी दोन टोकांना ओढला जातो.

अभिमान की शिवी?

पहिलं टोक अभिमानाचं. १९२२ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला ब्रिटिशांनी इजिप्तला स्वतंत्र म्हणून जाहीर केलं (सैन्य मात्र हललं नाही). त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला हॉवर्ड कार्टरच्या मजुरांना तुतनखामेनच्या थडग्याची पहिली पायरी सापडली. नवा देश आणि जुना राजा एकाच वर्षी पुढे आले. मग काय, शिकलेल्या तरुणांना फॅरोंचं वेडच लागलं. महमूद मुख्तार या शिल्पकाराने ‘इजिप्तचा पुनर्जन्म’ हे भव्य शिल्प केलं, त्यात उठून बसणारा स्फिंक्स आणि त्याच्या शेजारी चेहऱ्यावरचा पडदा बाजूला करणारी शेतकरी बाई आहे. १९२८ साली ते कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोर बसवलं गेलं. पुढे नोबेल मिळवणाऱ्या नजीब महफूझ यांच्या पहिल्या तीन कादंबऱ्या फॅरोंच्या काळातल्याच. सगळं मोठं, गंभीर आणि छाती पुढे काढून.

दुसरं टोक धर्मातलं. कुराणात आणि बायबलमध्ये फॅरो कोण आहे? मोझेसला, म्हणजे मूसाला छळणारा जुलमी राजा. त्यामुळे रोजच्या बोलण्यात ‘फॅरो’ म्हणजे माजलेला माणूस. तिथे एक म्हण आहे. फॅरोला विचारलं, तुला एवढा फॅरो कुणी केला? तो म्हणाला, अडवणारं कुणी भेटलंच नाही! आपल्याकडे सरपंचापासून हॉस्टेलच्या रेक्टरपर्यंत कुणालाही लागू पडेल अशी ही म्हण. १९८१ मध्ये अध्यक्ष सादात यांची हत्या करणारा लष्करी अधिकारी ‘मी फॅरोला मारलं’ असं ओरडला होता, ते याच अर्थाने.

म्हणजे आजोबा एकच, पण घरात त्यांच्याबद्दल दोन मतं. अर्धं घर म्हणतं, त्यांच्यामुळे आपलं नाव आहे. अर्धं म्हणतं, फार जाच केला हो त्यांनी. अशा आजोबांबद्दल जेवणाच्या टेबलावर कसं बोलायचं? कॉमेडीने यातून वाट काढली. तिने आजोबांना देव्हाऱ्यात बसवलं नाही, की घराबाहेरही काढलं नाही. तिने त्यांना संकटात टाकलं आणि मग बघत बसली.

तीन सिनेमे घेऊन बघू.

१९५३: माझं डोकं मला राहू द्या!

पहिला सिनेमा ‘हराम अलेक’. शब्दशः अर्थ ‘तुला पाप लागेल’. मराठीत ‘अरे, जरा तरी दया करा!’ असं म्हणताना जो सूर लागतो, तो सूर. दिग्दर्शक ईसा करामा, आणि हिरो इस्माईल यासीन.

इस्माईल यासीनला ओळखत नसाल तर ओळख करून घ्या. सुएझमध्ये जन्मलेला, दिसायला अजिबात हिरो नसलेला, आणि तोंड एवढं मोठं की त्या तोंडावरच अर्धा विनोद उभा. पन्नाशीच्या दशकात त्याची लोकप्रियता इतकी वाढली की सिनेमाच्या नावातच त्याचं नाव यायला लागलं. ‘इस्माईल यासीन सैन्यात’, ‘इस्माईल यासीन पोलिसांत’, ‘इस्माईल यासीन आरमारात’. त्याच्या जोडीला ‘हराम अलेक’मध्ये अब्देल फत्ताह अल कसरी. बुटका, तिरळ्या नजरेचा आणि सतत भडकलेला.

हा सिनेमा म्हणजे १९४८च्या ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ या अमेरिकन कॉमेडीचा रीतसर न विचारता केलेला रिमेक. (नाक मुरडू नका. ‘झपाटलेला’मधला आपला लाडका तात्या विंचूही अमेरिकन बाहुल्याचाच भाऊबंद आहे.) मूळ सिनेमात दोन बावळट हमाल, दोन मोठी खोकी, खोक्यांत ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस. राक्षसाला नवा मेंदू हवा असतो, आणि तो दोघांपैकी जास्त बावळट असणाऱ्याच्या डोक्यातून काढायचा बेत असतो. साधा मेंदू बरा, हुकूम ऐकतो!

कैरोत आल्यावर गोष्टीत एक बदल झाला आणि तो बदलच आपल्या कामाचा आहे. राक्षसाच्या जागी आली ममी. हे दोघं काम करतात जुन्या वस्तूंच्या दुकानात. ड्रॅक्युलाच्या जागी स्टेफान रोस्तीने रंगवलेला गोडबोल्या, खतरनाक प्रोफेसर, नाव आसेम अल इस्तरलीनी. आडनावात चक्क ‘स्टर्लिंग’ ऐकू येतं, म्हणजे इंग्रजांचा पौंड!

थांबा, दुकानात ममी कशी? आज हा प्रश्न पडतो, तेव्हा पडला नसता. इजिप्तमध्ये परवानाधारक व्यापाऱ्यांना प्राचीन वस्तू विकायची मुभा होती, ती १९८३च्या कायद्याने पूर्ण बंद झाली. त्याआधी शंभरएक वर्षं ममी जगभर विकत मिळत होत्या. आपल्या बडोद्याच्या संग्रहालयात आहे ती ममीही महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या काळात विकत घेतलेली. त्यामुळे दोन पोरं खोक्यात घालून एक पूर्वज पोचवायला निघालीत, यात प्रेक्षकाला फार काही अजब वाटलं नसणार. पूर्वजांची ने-आण गावातल्या हमालांनीच केली होती. किंमत ठरवणारे दुसरे होते.

आता मेंदूचा बेत आठवा. अमेरिकन सिनेमात तो नुसता गमतीचा प्लॉट आहे. इजिप्शियन सिनेमात अर्थच बदलतो. आजच्या, गरीब, घाबरट इजिप्शियन माणसाचं डोकं काढायचं आणि ते हजारो वर्षांपूर्वीच्या भव्य पूर्वजाच्या धडावर बसवायचं! १९२२ नंतरच्या विद्वानांचं स्वप्न थोडंफार असंच होतं ना? आजच्या माणसाने फॅरोसारखं व्हावं. पडद्यावर ते ऐकून इस्माईल यासीनचं तोंड उघडतं ते मिटतच नाही. त्याला पूर्वजाचं वैभव नकोय. त्याला त्याचं डोकं, त्याची नोकरी आणि संध्याकाळचं जेवण हवंय. थिएटरमध्ये खालच्या रांगेत बसलेल्या माणसाला हे बरोबर कळत असणार.

आणि योगायोग बघा. इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याची स्थापना १८५८ मध्ये झाली. तेव्हापासून १९५२पर्यंत खात्याचा प्रत्येक प्रमुख फ्रेंच होता. १९५२च्या जुलैमध्ये लष्करी क्रांती झाली, राजा फारूक देश सोडून गेला, आणि १९५३ मध्ये मुस्तफा आमेर हे पहिले इजिप्शियन प्रमुख झाले. त्याच साली पडद्यावर एक इजिप्शियन विदूषक ममीसमोर उभा राहून ओरडत होता. खात्याची किल्ली घरी आली, तेव्हाच घरातल्या घरात चेष्टा करायची मुभाही घेतली गेली, असं म्हणायला हरकत नाही.

१९६३: ती फक्त त्यालाच दिसते

दहा वर्षं पुढे. दिग्दर्शक फतीन अब्देल वहाब, म्हणजे इस्माईल यासीनच्या सैन्य-पोलिस-आरमार सिनेमांचा कर्ता. सिनेमा ‘अरूस अन-नील’, ‘नाईलची नवरी’.

गोष्ट अशी. सामी नावाचा भूगर्भतज्ज्ञ तेलाच्या शोधात लक्झरकडे जातो. भूमिकेत रुश्दी अबाझा, त्या काळचा देखणा, रुबाबदार हिरो. खोदायची जागा नेमकी नाईलच्या नवऱ्यांच्या दफनभूमीवर. नाईलची नवरी म्हणजे पूर यावा म्हणून दरवर्षी नदीला अर्पण केलेली मुलगी. खोदकाम सुरू होताच त्यातली शेवटची नवरी, हामीस, त्याच्यासमोर येऊन उभी राहते. ‘आमच्या थडग्यांना हात लावायचा नाही!’ आणि ती दिसते फक्त त्यालाच. बाकीच्यांना दिसतो तो हवेशी भांडणारा, हवेला समजावणारा, हवेवर चिडलेला एक सरकारी तज्ज्ञ.

हामीस झालीय लुब्ना अब्देल अझीझ. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात शिकलेली, रेडिओवर मुलांचा कार्यक्रम करणारी. १९५९च्या ‘अना हुर्रा’ (मी स्वतंत्र आहे) या सिनेमात घरच्या धाकातून बाहेर पडू पाहणारी मुलगी तिने रंगवली होती. प्रेक्षकांना ती आठवण ताजी होती. त्यामुळे काजळाच्या लांब रेघा ओढलेली ही प्राचीन मुलगी जेव्हा मोठ्या साहेबाला हुकूम सोडते, तेव्हा ती भूत कमी आणि मैत्रीण जास्त वाटते. हॉलिवूडची ममी मेलेल्यांतून उठते ती सूड घ्यायला. हामीस उठते ती हक्काने बोलायला.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडी गंमत. ही नवरी फॅरोंच्या काळातली नाहीच! मुलगी नदीत टाकण्याच्या प्रथेचा पुरावा प्राचीन इजिप्तच्या अभ्यासकांना सापडलेला नाही. ही कथा येते ती नवव्या शतकातल्या इब्न अब्द अल हकम या अरब इतिहासकाराकडून. त्याच्या कथेत इजिप्त जिंकणारा सेनापती अम्र ही प्रथा थांबवतो आणि खलीफा उमरचं पत्र नदीत टाकल्यावर पूर येतो. म्हणजे ‘पूर्वी हे लोक किती अडाणी होते’ हे सांगणारी, नंतरच्या काळातली गोष्ट. शिवाय हामीस स्वतःला ‘आतनची मुलगी’ म्हणवते. आतन म्हणजे अखेनातन राजाने पुजलेली सूर्याची तबकडी. नाईलच्या पुराचा देव वेगळाच, त्याचं नाव हापी. सिनेमाने सगळं एका भांड्यात घालून ढवळलंय.

मग हा सिनेमा खोटा म्हणून बाजूला ठेवायचा का? माझं म्हणणं, उलट आहे. साल बघा, १९६३. तेव्हा देशाच्या अधिकृत नावात ‘इजिप्त’ हा शब्दसुद्धा नव्हता. १९५८ ते १९७१ देशाचं नाव होतं ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’. अध्यक्ष नासर यांचा जोर अरब एकीवर, कारखान्यांवर आणि सगळ्यात जास्त अस्वानच्या मोठ्या धरणावर. १९६० मध्ये धरणाचं काम सुरू झालं आणि १९६४च्या मे महिन्यात नदीचा प्रवाह वळवला गेला. हजारो वर्षं दर उन्हाळ्यात खोऱ्यात पसरणारा नाईलचा पूर त्यानंतर पूर्वीसारखा कधी आला नाही.

म्हणजे पुराची ‘शेवटची नवरी’ पडद्यावर आली ती पूर संपायच्या जेमतेम वर्षभर आधी. तिच्यासमोर जमिनीत ड्रिल घालणारा सरकारी तज्ज्ञ उभा आहे. नवा देश जुन्या देशाला म्हणतोय, जरा बाजूला हो, मला खोदायचंय. आणि जुना देश म्हणतोय, आधी माझ्याशी बोल. हे भांडण वर्तमानपत्राच्या अग्रलेखात त्या काळी छापून आलं असतं तर लिहिणाऱ्याला जड गेलं असतं. रोमँटिक कॉमेडीत ते दीड-दोन तास बिनधास्त चाललं. शेवटी काय होतं ते सांगत नाही, तुम्हीच बघा.

त्याच साली हॉलिवूडचा एलिझाबेथ टेलरचा ‘क्लिओपात्रा’ आला, त्या काळच्या सर्वात महागड्या सिनेमांपैकी एक. सोन्याचे पोशाख, हजारोंची गर्दी. ‘अरूस अन-नील’कडे तसं काही नव्हतं. पण क्लिओपात्राशी भांडावंसं कुणाला वाटेल का? हामीसशी वाटतं.

१९६७: आमचं गाव बघायला या

तिसरा सिनेमा ‘गराम फिल करनक’, ‘करनकमधलं प्रेम’. ही संगीतमय कॉमेडी. दिग्दर्शक अली रेदा, मुख्य भूमिकांत त्याचा भाऊ महमूद रेदा आणि फरीदा फहमी. या मंडळींनी १९५९ साली ‘रेदा ट्रूप’ हा लोकनृत्याचा संच उभा केला होता. महमूद रेदा मूळचा जिम्नॅस्ट, १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये देशाकडून उतरलेला.

गोष्टीत कैरोचा एक नाचाचा संच लक्झरला कार्यक्रम करायला निघतो. पैशांची ओढाताण, रुसवेफुगवे, प्रेमातले गैरसमज. कुठल्याही कॉलेजच्या एकांकिकेच्या टीमला हे सगळं आपलंच वाटेल! फरक एवढाच की यांचा प्रयोग व्हायचाय करनकच्या मंदिरात. ज्या खांबांच्या दालनात आपली मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं, तिथे.

यात ना शाप आहे, ना ममी उठते. मोहम्मद अल एझबीने गायलेलं ‘लक्झर आमचं गाव’ हे गाणं आजही इजिप्तमध्ये वाजतं. त्या गाण्यात घोडागाडीतून फिरणं आहे, आलेल्या पाहुण्यांचं कौतुक आहे. जगासाठी जे ‘जागतिक वारसा’, ते गाणाऱ्यासाठी गाव. मंदिराच्या भिंतीवरच्या आकृत्या हजारो वर्षं एका बाजूला तोंड करून उभ्या आहेत, आणि त्यांच्यासमोर शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या चालींवर बसवलेले नाच सुरू आहेत.

मात्र हे हलकेपण टिकलं नाही. त्याच १९६७च्या जूनमध्ये इस्रायलबरोबरच्या युद्धात इजिप्तचा दारुण पराभव झाला. दोन वर्षांनी शादी अब्देल सलामचा ‘अल मुमिया’ आला. १८८१च्या आसपासची गोष्ट, थडग्यांतल्या वस्तू विकून जगणाऱ्या टोळीतला एक तरुण. संथ, गंभीर, पुस्तकी अरबीत बोलणारा सिनेमा. त्यात कुणीही हसत नाही. इजिप्तचा सर्वोत्तम सिनेमा म्हणून पुष्कळ समीक्षक याच्याकडे बोट दाखवतात, आणि फिल्म सोसायट्यांत दाखवलाही हाच जातो. दाखवायलाच हवा. पण तो बघून ‘इजिप्तच्या लोकांनी आपल्या भूतकाळाकडे पहिल्यांदा पाहिलं ते असं’ असं कुणी म्हणालं, तर त्याला इस्माईल यासीनचं उघडं तोंड आठवण करून द्या. त्याचाही प्रश्न तोच होता. मेलेल्या राजांवर जिवंत गरिबांचा हक्क काय?

हसण्यातून कोण सुटलं?

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण या सगळ्या हसण्यात एक जण सतत दारात उभा आहे. तो न्युबियन.

न्युबिया म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा आणि सुदानच्या उत्तरेचा, नाईलकाठचा प्रदेश. तिथल्या लोकांची स्वतःची भाषा, स्वतःचा प्राचीन इतिहास. तिथल्या राजांनी तर एकेकाळी फॅरो म्हणून संपूर्ण इजिप्तवर राज्य केलं. पण जुन्या इजिप्शियन कॉमेडीत हे लोक कोण आहेत? घरगडी, स्वयंपाकी, वाड्याचा दरवान. त्यांच्या अरबी उच्चारांवर हशा. अली अल कस्सार हा लोकप्रिय नट तर तोंडाला काळा रंग फासून ‘उस्मान’ नावाचा न्युबियन नोकर वर्षानुवर्षं करत होता, आधी रंगमंचावर आणि मग पडद्यावर.

आता पुन्हा १९६३ आठवा. हामीस थडग्यांसाठी भांडत होती, त्याच सुमारास धरणाच्या पाण्याखाली न्युबिया जायची तयारी चालली होती. अबू सिम्बेलची मंदिरं वाचवायला युनेस्कोच्या हाकेने जग धावलं. डोंगर कापून, दगडावर नंबर घालून, १९६४ ते १९६८ या काळात ती सुमारे पासष्ट मीटर उंच नेऊन पुन्हा उभी केली. तो खरोखर थक्क करणारा पराक्रम होता. आणि १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार न्युबियन लोकांना घरं सोडून उत्तरेला कोम ओम्बोच्या परिसरात जावं लागलं. नदीकाठची माणसं नदीपासून दूर गेली.

दगडाच्या राजांना नवी जागा काळजीपूर्वक निवडून दिली. माणसांना गाडीत बसवलं. यावर त्या काळी कॉमेडी निघाली नाही. घरगड्याच्या उच्चारांवरचा विनोद मात्र सुरूच राहिला.

म्हणून हे सिनेमे बघताना नुसतं ‘किती भारी’ म्हणून चालणार नाही. पूर्वजांना घरचं मानणं ही मोठी गोष्ट आहे. त्या घरात शेजारच्या खोलीतल्यांना काय मानलं, हेही बघावं लागतं. विनोदाची परीक्षा इथे होते. ‘हराम अलेक’मध्ये हसं होतं ते घाबरलेल्या सामान्य माणसाचं, पण आपण त्याच्या बाजूने असतो. ‘उस्मान’च्या विनोदात आपण कुणाच्या बाजूने असतो? आपल्या सिनेमांतले नोकर, रामागडी आणि त्यांची ‘गमतीशीर’ बोली आठवा, म्हणजे हा प्रश्न फक्त कैरोचा वाटणार नाही.

बघायचंय? मग हे बघा

जुने इजिप्शियन सिनेमे यूट्यूबवर बऱ्यापैकी सापडतात, काहींना इंग्रजी सबटायटल्सही असतात. नसली तरी इस्माईल यासीनसाठी भाषेची फार गरज लागत नाही. सुरुवात ‘हराम अलेक’पासून करा, आणि जमलं तर त्याआधी अ‍ॅबट-कॉस्टेलोचा मूळ सिनेमा बघा. कुठला सीन जसाच्या तसा उचललाय आणि कुठे ममीमुळे अर्थ बदललाय, हे शोधण्यात फिल्म स्टडीजची एक असाइनमेंट सहज निघेल. ‘अरूस अन-नील’ बघताना हामीस अदृश्य असताना बाकीच्या लोकांचे चेहरे बघा. ‘गराम फिल करनक’मध्ये नाचणाऱ्यांच्या मागचे खांब बघा, आणि स्टुडिओतला सेट व खरं देऊळ यांत कॅमेरा कसा वेगळा चालतो ते बघा. आणि तिन्हींत, दार कोण उघडतंय ते बघा.

जाता जाता एक खरी घटना. दुसऱ्या रामसेसचा एक प्रचंड पुतळा १९५५पासून कैरोच्या मुख्य रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकात उभा होता, पूर्वी जिथे मुख्तारचं ते शिल्प होतं तिथेच. पन्नासएक वर्षं बस, टॅक्सी, धूर आणि हॉर्न यांच्या मधोमध. गावाकडून गाडीने कैरोत आलेल्या माणसाला स्टेशनबाहेर पहिला दिसायचा तो रामसेस. धुराने आणि गाड्यांच्या हादऱ्यांनी पुतळा खराब होतोय म्हणून २००६च्या ऑगस्टमध्ये तो गीझाला हलवायचं ठरलं. आज तो तिथल्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमच्या प्रवेशदालनात आहे.

त्या रात्री ऐंशी टनांहून जड असा तो राजा ट्रकवर उभा राहून, माणसाच्या चालीच्या वेगाने, शहरातून निघाला. पोचायला जवळजवळ दहा तास लागले. आणि मध्यरात्र उलटून गेली तरी हजारो लोक रस्त्याच्या कडेला, पुलांवर उभे होते. पोरांना खांद्यावर घेऊन, हात हलवत, टाळ्या वाजवत. शापाला घाबरून कुणी दारं लावून घेतली नव्हती. पन्नास वर्षं नाक्यावर उभा असलेला शेजारी घर बदलत होता, आणि गल्ली त्याला सोडायला आली होती.